नाना फडणवीसांची नववी बायको : जिऊबाई



पेशवाईच्या धड्यात नाना फडणवीस येतात ते कारभारी म्हणून. साडेतीन शहाण्यांतला तो अर्धा शहाणा, हे मुलं लगेच पाठ करतात. पण त्यांच्या घरातलं एक नाव पुस्तकात सहसा नसतं, जिऊबाई. हे नाव वर्गात जरूर घ्यावं असं मला वाटतं.

आधी फळ्यावर साधं गणित मांडा. नानांचा जन्म १७४२ चा, मृत्यू १३ मार्च १८०० रोजी पुण्यात. म्हणजे वय ५८. त्या दिवशी त्यांची नववी पत्नी जिऊबाई होती अवघी नऊ वर्षांची. आपल्या तिसरी-चौथीच्या बाकावरची मुलगी, आणि ती विधवा झाली.

मुलं विचारतात, "सर, एवढ्या मोठ्या माणसाला मोठी बायको का नाही मिळाली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर घाईने देऊ नका, त्यांनाच शोधू द्या. मुलींची लग्नं लहानपणीच होत. उच्चवर्णीयांत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे, पुरुषाला मात्र बंदी नव्हती. मग पन्नाशी ओलांडलेल्या विधुराला नवरी कोण उरणार? एखादं लहान पोरच! वारस हवा, धार्मिक कार्याला शेजारी पत्नी हवी, ही कारणं त्यात भर घालत. यात नानांचा एकट्याचा स्वभाव शोधत बसलो तर अख्खी चालरीत नजरेतून सुटते. अर्थात त्यांना पूर्ण माफ करावं असंही मी म्हणणार नाही. एवढा हुशार माणूस!

पुढचं जास्त महत्त्वाचं. नानांमागे बगाबाई आणि जिऊबाई अशा दोन बायका उरल्या. बगाबाई थोड्याच दिवसांत गेल्या. नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता. लोहगड नानांचे विश्वासू धोंडोपंत नित्सुरे यांच्या ताब्यात होता, तिथे जिऊबाईला आसरा मिळाला. १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने (हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) तिच्या सुरक्षिततेची हमी दिली आणि ती पनवेलला राहायला गेली, वर्षाला १२,००० रुपयांच्या नेमणुकीवर. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना लोहगड ट्रेकमुळे माहीत असतो. तिथून तिचा माग काढायला सांगा, नकाशा आपोआप पाठ होतो.

त्याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? १७९५ साली युवराज जॉर्जने कॅरोलाइनशी लग्न केलं ते मुख्यतः कर्ज फिटावं म्हणून. वर्षभरात दोघं वेगळी झाली. १८२१ मध्ये त्याच्या राज्याभिषेकाला ती गेली तर चर्चच्या दारातूनच परत पाठवली. बाई राजघराण्यातली, वयाने मोठी, तरी दार बंदच. पण एक फरक मुलांच्या लक्षात आणून द्या. कॅरोलाइनने भांडण केलं, लंडनचे लोक तिच्या बाजूने रस्त्यावर आले. जिऊबाईला काय वाटलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विधवाविवाहाचा कायदा आला १८५६ मध्ये. आज मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ वर्षं ही अट आहे. तरी "स्थळ चांगलं आहे, परीक्षा नंतर देईल" हे वाक्य आपल्या उपनगरातल्या पालकसभेतही कानावर पडतं. म्हणून हा तास आठवी-नववीला घ्या, आणि शक्य असेल तर पालकांनाही बसवा.

स्वाध्याय : लोहगडावर पोहोचलेल्या जिऊबाईच्या बाजूने दहा ओळी लिहा.