विषाणुसंसर्ग आणि पेशीतील ताण-कणिका

विषाणूंवरील आधुनिक संशोधनात ‘स्ट्रेस ग्रॅन्यूल’ म्हणजेच ताण-कणिका ही संज्ञा वारंवार येते. तिचा अर्थ नीट न कळल्यास औषधाच्या गुणाविषयी चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून तिचे स्वरूप आम्ही येथे संक्षेपाने मांडीत आहोत.

कणिकांची उत्पत्ती

विषाणूस स्वतःची प्रथिननिर्मितीची यंत्रणा नसते. तो पेशीचीच यंत्रणा वापरतो. त्याच्या वृद्धीच्या वेळी बहुधा दुपदरी आर.एन.ए. निर्माण होतो. पेशीतील ‘पीकेआर’ हे प्रथिन तो ओळखते आणि प्रथिननिर्मितीचा आरंभच रोखते. मग खोळंबलेले संदेशवाहक आर.एन.ए. ‘जी३बीपी’ आदी प्रथिनांसह एकत्र जमतात. याच ताण-कणिका होत. त्यांना आवरण नसते. ताण ओसरताच त्या विरून जातात.

विषाणूंचे प्रतिकार

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे एनएस१ हे प्रथिन पीकेआरला कार्यरतच होऊ देत नाही. पोलिओचा विषाणू आपल्या विकराने जी३बीपीचा छेद करतो, हे २००७ साली दाखविले गेले. २००६ च्या साथीमुळे महाराष्ट्रातील वैद्यांना परिचित झालेल्या चिकुनगुन्याची रीत अधिक विलक्षण आहे. त्याचा विषाणू जी३बीपीला बांधून घेतो व स्वतःच्या वृद्धीसाठी राबवितो. ज्या पेशींतून जी३बीपीचे दोन्ही प्रकार काढून टाकले आहेत, त्यांत या विषाणूची वाढ जवळजवळ खुंटते. एका संसर्गात रक्षक ठरणारे प्रथिन दुसऱ्या संसर्गात विषाणूचे साधन बनते, ते असे.

तारतम्य

यावरून ‘कणिका वाढल्या, म्हणजे औषध विषाणुनाशक’ हे अनुमान टिकत नाही. प्रयोगशाळेत ताण-कणिका उत्पन्न करण्यासाठी सोडियम आर्सेनाइट हे सोमलवर्गीय विष सर्रास वापरतात. एखाद्या अर्काने कणिका वाढल्या, तर ते त्याच्या विषारीपणाचेही लक्षण असू शकेल. म्हणून असा अहवाल वाचताना विषाणूची संख्या घटली काय, निरोगी पेशी जिवंत राहिल्या काय आणि वापरलेली मात्रा रुग्णास देता येण्याजोगी आहे काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

चरकोक्त व्याधिक्षमत्व संपूर्ण देहाचे आहे; ते एका कणिकेत शोधणे शास्त्रास धरून नाही. औषधनिर्मात्यांनीही केवळ अशा निरीक्षणावरून वेष्टनावर विषाणुनाशक गुणाचा दावा छापू नये. रुग्ण त्या दाव्यावर विसंबून आवश्यक उपचार लांबवितो आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.