वेडाची कथा आणि तिचा शेवट

मनाच्या आजारावर कथा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पानावर फारशी अडचण येत नाही. ती येते शेवटच्या पानावर. नायिकेला वेड लागले, इथवर लेखणी धावते, पुढे काय? जुन्या चित्रपटांनी याचे एक सोपे उत्तर देऊन ठेवले आहे. डोक्याला मार लागून गेलेली स्मृती दुसऱ्यांदा मार लागला की परत येते! वैद्यकशास्त्राला हा उपाय ठाऊक नाही, पण प्रेक्षक समाधानाने घरी जातो. दुसरे उत्तर विहिरीचे. कथा कुठे न्यावी हे कळेनासे झाले की नायिकेला विहिरीकडे पाठवायचे. एक शेवट गोड, दुसरा कडू. दोन्हींत सुटका होते ती लेखकाची.

शेवट दुःखाचा आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. ते दुःख कुठून आले, हे पाहावे लागते. याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण कन्नडमधले आहे. त्रिवेणी (१९२८-१९६३), मूळ नाव अनसूया शंकर, या म्हैसूरच्या लेखिका. मानसशास्त्राचा अभ्यास केलेल्या. त्यांच्या 'शरपंजर' या कादंबरीवर पुट्टण्ण कणगाल यांनी चित्रपट काढला आणि त्यातली कल्पनाची कावेरी आजही आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. शरपंजरी पडलेले भीष्म आपल्याला ठाऊक आहेत. इथे बाणांवर पडली आहे ती एक साधी गृहिणी.

कावेरीचा संसार सुखाचा असतो. बाळंतपणानंतर तिचे मन ढळते आणि लग्नापूर्वी तिच्यावर झालेला, मनाच्या तळाशी दडपलेला अत्याचार त्या अवस्थेत वर येतो. हा आजार काल्पनिक नाही. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला तो होतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. त्रिवेणींनीही कावेरीला इस्पितळात बरी केली आहे. कादंबरी इथेच संपवली असती तर कोणाचीही तक्रार नव्हती.

पण कावेरी घरी येते, आणि खरी कथा तिथून सुरू होते. डॉक्टरांनी बरी ठरवलेली बाई घराच्या लेखी वेडीच राहते. तिचा राग, तिचे रडणे, सारे वेडाच्याच खात्यावर मांडले जाते. नवरा दुरावतो, त्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत हे तिला समजते, आणि ती पुन्हा त्याच इस्पितळात जाते. म्हणजे हा शेवट आजारामुळे दुःखाचा झालेला नाही. आजाराला औषध होते, घराला नव्हते. तो गोड केला असता तर कावेरीबरोबर तिचा नवरा आणि शेजारीपाजारीही सुटले असते, आणि त्यांच्यामागे उभे असलेले आपणही.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकतात आणि चूक शोधायला लागतात. ती न शोधता उचंत खाते कसेबसे मिटवले तर ताळेबंद जुळलेला दिसतो, पण खोटा असतो. कथेतला ओढून आणलेला गोड शेवट हा असा ताळेबंद. विहिरीचा शेवटही तसाच. त्यात तर वहीच फाडून टाकली जाते.

तिसरा मार्गही आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटातल्या शेषला स्किझोफ्रेनिया असतो. तिथे चमत्कार होत नाही. उपचार, बहिणीची ओढाताण, आजारासकट माणसाला घरात जागा करून देणे, असा तो प्रवास आहे. सुखान्त म्हणवत नाही, दुःखान्तही म्हणवत नाही. लिहायला हा प्रकार सर्वांत कठीण असावा.

आता थोडे घरचे. आमच्या गल्लीतल्या एका बाई धारवाडच्या मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन आल्या. ('धारवाडला पाठवायला पाहिजे' ही आपल्याकडची थट्टा त्यांनी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.) त्यांच्यावरून मी कथा लिहिली. कथेतल्या बाईला घरात काडेपेटीला हात लावू देत नाहीत, लग्नघरी पंगतीत वाढू देत नाहीत. इस्पितळात तिला तांदूळ निवडायचे काम होते. शेवटी ती आपले बोचके आपणच बांधते आणि भाच्याला विचारते, "धारवाडची गाडी किती वाजता?"

आईने कथा वाचली आणि म्हणाली, "त्यांच्या घरचे वाचतील. शेवट तरी जरा गोड कर की रे."

आईचे म्हणणे निम्मे बरोबर होते. खऱ्या माणसाला चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणाही लेखकाला नाही. म्हणून मी नाव, वय, नाते, घर, सगळे बदलले. ओळखीची एकही खूण ठेवली नाही. शेवट मात्र ठेवला. तो बदलला असता तर त्या घराला बरे वाटले असते, आणि काडेपेटी होती तिथेच राहिली असती.

आपल्या कथालेखक मित्रांना एवढेच सुचवतो की शेवटचे पान अडले तर ते खोडत बसू नये, चार पाने मागे जावे. घरची माणसे रोग्याशी कशी बोलतात, जेवताना त्याला कुठे बसवतात, हे नीट लिहिले असेल तर शेवट तिथे आधीच आलेला असतो. शेवटचा परिच्छेद लांबवू नये, आणि त्यात रडणे तर अजिबात नको. त्रिवेणींच्या कादंबऱ्या आपल्या ग्रंथालयात कन्नड कपाटात आहेत. कन्नड अक्षरे जमत नसतील तर कन्नड विभागातल्या एखाद्या मित्राला वाचून दाखवायला सांगावे. 'शरपंजर'ची पहिली दोन प्रकरणे मी अशीच, कॅन्टीनमध्ये बसून ऐकली.