पाचक औषध जास्त झाले तर?

प्रश्न : जेवणानंतरचे पाचक सिरप गोड लागले म्हणून आमच्या पाच वर्षांच्या नातवाने निम्मी बाटली संपवली. दोनदा जुलाब झाले, एवढेच. पण अन्न पचवणारे एन्झाइम जास्त झाले, तर ते आतडीच पचवणार नाहीत का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण एन्झाइम हेही एक प्रथिनच. पोटात गेले की डाळीतल्या प्रथिनासारखे तेही बरेचसे पचून जाते. शिवाय आपले स्वादुपिंड रोज एक ते दीड लिटर पाचकरस आतड्यात ओतते. तो सोसता यावा म्हणून आतड्याला आतून चिकट श्लेष्माचे अस्तर असते. त्यामुळे एकदाच जास्त गेलेल्या सिरपने सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. जुलाबही अनेकदा सिरपमधल्या सॉर्बिटॉलमुळे होतात.

म्हणून निर्धास्तही राहू नये. तोंडात असे भक्कम अस्तर नसते. स्वादुपिंडाच्या एन्झाइमची कॅप्सूल चघळली किंवा तिचे दाणे गालात अडकले, तर तोंड सोलवटते. ती पाण्याबरोबर अख्खी गिळायला सांगतात, ते याचसाठी.

खरा धोका मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेण्यात. १९९४ साली लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या पाच मुलांचे मोठे आतडे अरुंद झाल्याचे नोंदवले. ही मुले जास्त ताकदीच्या एन्झाइम कॅप्सूल घेत होती. तेव्हापासून त्यातल्या लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०,००० युनिटच्या आत ठेवायला सांगतात.

‘पपई-अननसातले, म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही सोडावा. पपईतले पपेन आणि अननसातले ब्रोमेलेन काहींना ॲलर्जी करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ब्रोमेलेन किंवा सुजेवरचे सेराशिओपेप्टिडेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तस्राव वाढू शकतो. काही काळ्या पाचक गोळ्यांत कोळशाची पूड असते. ती बरोबरची दुसरी औषधे शोषून घेते, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावे. तिने शौचाला काळे झाले, तर मात्र घाबरू नये.

पुन्हा असे घडले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. लहान मुलाच्या अंगात तेवढे मीठ जाणे हेच घातक. बाटलीत किती उरले ते पाहा आणि तीच बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण लेबलवरचे इतर घटकही त्यांना पाहावे लागतात. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठा.