कुट्टीयंत्राचे चाक : वेग आणि त्वरण कसे काढावे?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीचा कडबा असो की उसाचे वाढे, पुष्कळ गोठ्यांत आता विजेवरचे कुट्टीयंत्र आले आहे. मागील हंगामात आमच्या गटातील एका सभासदाच्या यंत्रात वाढ्यांचा गुंता अडकला. त्यांनी बटन बंद केले व लगेच हात घातला. दोन बोटे गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "बटन तं बंद केलं होतं साहेब, मंग लागलं कसं?" या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, म्हणून हा पाठ.

१. स्थिर अक्ष

खळ्यावरची पात आठवा. मधला तिवडा जागचा हलत नाही. तो स्थिर अक्ष. तिवड्याजवळचा बैल आणि कडेचा बैल फेरी एकदमच पुरी करतात, म्हणून दोघांचा कोनीय वेग एकच. पण तिवड्यापासून १ मीटरवरचा बैल एका फेरीत ६.२८ मीटर चालतो आणि ३ मीटरवरचा १८.८४ मीटर. दमतो तो कडेचाच. यावरून नियम असा:

रेषीय वेग = कोनीय वेग × त्रिज्या

२. पात्याचा वेग

मोटारीच्या पाटीवर मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. समजा ते १४४० आहेत, मोटारीची पुली ३ इंची व चाकाची १२ इंची आहे. तर चाकाचे फेरे १४४० × ३ ÷ १२ = ३६०, म्हणजे सेकंदाला ६. एक फेरा म्हणजे ६.२८ रेडियन; म्हणून कोनीय वेग ६ × ६.२८ = सेकंदाला ३७.७ रेडियन. पाते अक्षापासून ०.३ मीटरवर असेल तर त्याचा वेग ३७.७ × ०.३ = सेकंदाला ११.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर. गोठ्यात एका जागी उभ्या यंत्रात मोटारसायकलचा वेग असतो!

३. त्वरण दोन प्रकारचे

(अ) केंद्राकडचे : गोफण एकसारखी फिरवली तरी दोरी हाताला ओढते. वेग तोच असला तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून त्वरण असतेच.

केंद्राकडचे त्वरण = कोनीय वेग × कोनीय वेग × त्रिज्या

आपल्या पात्याचे ते ३७.७ × ३७.७ × ०.३ = सुमारे ४२६ येते (मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद). हे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४३ पट. पाते १ किलोचे असेल तर त्याच्या बोल्टवर ४३ किलो वजनाइतका ताण.

आता लवकर काम उरकावे म्हणून कोणी मोटारीला ६ इंची पुली बसवली, तर वेग दुप्पट होतो, पण ताण चौपट! तोच बोल्ट १७० किलोच्या वर ओढला जातो. तुटला तर पाते गोफणीच्या दगडासारखे सरळ सुटते.

(ब) परिघाच्या दिशेचे : फेरे वाढताना किंवा कमी होताना हे असते. ते कोनीय त्वरण × त्रिज्या इतके.

४. बटन बंद केल्यावर

समजा चाक थांबायला ३० सेकंद लागतात व वेग एकसारखा उतरतो. कोनीय वेग दर सेकंदाला ३७.७ ÷ ३० = १.२६ रेडियनने कमी होईल. पात्याचे मंदन १.२६ × ०.३ = ०.३८, म्हणजे अगदी थोडे. या वेळात सरासरी ३ फेरे धरले तर ३ × ३० = ९० फेरे होतात. चाकाला दोन पाती असतील तर तोंडासमोरून पाते १८० वेळा जाते. बटन दाबून १० सेकंद झाले तरी वेग दोन-तृतीयांश शिल्लक असतो. त्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

ध्यानात ठेवा

• आपले चाक थांबायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा व भिंतीवर लिहा.
• चाक पूर्ण थांबल्याशिवाय व मुख्य स्विच काढल्याशिवाय गुंता काढू नका.
• कंपनीने दिलेली पुली बदलू नका. बोल्ट दर आठवड्याला आवळा.
• चाकाच्या रेषेत उभे राहू नका. मुलांना तर मुळीच राहू देऊ नका.

शेतीतील अशा यंत्रांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. पण कायद्याने गेलेले बोट परत येत नाही. हिशेब जमला नाही तर पुल्यांची मापे घेऊन शेती विभागात या, आपण मिळून काढू.

— ऊस विकास अधिकारी