पाठीत स्वतःचंच रक्त?

प्रश्न : मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामाला आहे. बायको बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आहे. कमरेत इंजेक्शन देऊन सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवसापासून बाळाला पाजायला उठून बसली की डोकं ठणकतं, आडवी झाली की थांबतं. सासूबाई म्हणतात, वारं लागलं. डॉक्टर म्हणतात, तिच्याच हातातलं रक्त काढून पाठीत सोडू. हा काय प्रकार?
– एक वाचक, मीना अब्दुल्ला (कुवेत)

उत्तर : वाऱ्याचा यात काही दोष नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो. कमरेत भूल देताना सुई त्याच्या आवरणातून जाते. ते छिद्र लवकर बुजलं नाही, तर द्रव झिरपतो आणि त्याचा दाब उतरतो. मग उठून बसलं की मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि डोकं दुखतं. या भुलीचे जनक ऑगस्ट बीर यांनी १८९८ साली जर्मनीत ती स्वतःवरच आजमावली आणि पुढे नऊ दिवस हेच दुखणं काढलं! आता बारीक, बोथट टोकाच्या सुयांमुळे हा त्रास पुष्कळ कमी झालाय.

बहुतेकींचं दुखणं आठ-पंधरा दिवसांत आपोआप थांबतं. तोवर आराम, पुरेसं पाणी, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आणि दिवसाला एक-दोन कप कॉफी. बाळाला आडवं पडूनही पाजता येतं.

तेवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टर म्हणतात तो ‘ब्लड पॅच’. ही युक्ती १९६० साली अमेरिकेतले सर्जन जेम्स गॉर्मली यांनी मांडली. आता दंडातून साधारण १५ ते २० मिलिलिटर रक्त घेऊन ते आवरणाच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. त्याने दाब लगेच वाढतो आणि रक्त गोठून छिद्र बुजतं. अनेकींना काही तासांतच उतार पडतो, काहींना पुन्हा पॅच लागतो. कंबर काही दिवस दुखते. जंतुसंसर्ग क्वचितच होतो. मात्र अंगात ताप असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर काही दिवस वाकणं आणि जड उचलणं टाळायचं.

एक गोष्ट मात्र आजच फोन करून घरी सांगा : झोपूनही डोकं थांबेना, ताप आला, मान आखडली, फिट आली, दिसायला अंधुक झालं किंवा हातपाय लुळे पडले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून तिला रुग्णालयात न्यायचं.