परदेशी मॅरेथॉनला जाणारा रुग्ण आणि आपले औषधपत्र

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून चाळिशी-पन्नाशीतील हौशी धावपटू आपल्या चिकित्सालयांत दिसू लागले. त्यांपैकी काही जण आता नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी अमेरिकेस जातात व निघण्यापूर्वी ‘सोबत न्यायला काहीतरी द्या’ असे म्हणतात. हे ‘काहीतरी’ देताना चिकित्सकाने काय पाहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

चरकाचार्यांनी शोषाचे चार हेतू सांगितले आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. ४२.१९५ किलोमीटर धावणे हे साहसच होय. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा उपदेश विमानाचे तिकीट काढून बसलेल्या मनुष्यास रुचत नाही, हा भाग वेगळा. स्टेटन आयलंडवर प्रारंभापूर्वी काही तास उघड्यावर थंडीत थांबावे लागते. तेथे शौचासाठी रांगा असतात, म्हणून वेग रोखले जातात. जेवणाच्या वेळा आधीच बिघडलेल्या असतात. भारतीय वेळेपेक्षा तेथील घड्याळ साडेनऊ तास मागे असते आणि शर्यतीच्याच पहाटे ते आणखी एक तास मागे नेले जाते. सबब निदान पाच दिवस आधी पोहोचावे, उष्ण व स्निग्ध आहार घ्यावा, तीळतेलाचा अभ्यंग चालू ठेवावा. प्रवासाच्या तोंडावर शोधन मुळीच करू नये.

खरी दक्षता औषधांच्या पिशवीबाबत हवी. गुडघा-कंबर दुखते म्हणून विषतिंदुक वटी, अग्निमांद्यासाठी अग्नितुंडी, अतिसाराच्या भयाने जातिफलादि चूर्ण किंवा कर्पूर रस, ही आपल्या नित्य व्यवहारातील औषधे. पहिल्या दोहोंत कुचला आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स यास वाटेत कुचल्यातील स्ट्रिक्निनच दिले गेले होते व तो अर्धमेला होऊन पोहोचला. आज स्पर्धाकाळात ते निषिद्ध आहे. हौशी धावपटूची तपासणी सहसा होत नाही, परंतु श्रांत, स्वेदक्षीण शरीरात विषद्रव्य न देण्यास तपासणीचे कारण लागू नये. जातिफलादि चूर्णात भांग आणि कर्पूर रसात अहिफेन असते. न्यूयॉर्क राज्यात २०२१ पासून प्रौढांना भांग बाळगण्यास मुभा असली, तरी विमानतळावर संघराज्याचा कायदा लागू होतो व तो तिला मुभा देत नाही. पुडीत बांधलेले चूर्ण घेऊन तेथे उभा राहणारा रुग्ण आपल्या नावाने उभा असतो. औषधविक्रेत्यांनी सुट्या पुड्या देऊच नयेत. मूळ सीलबंद डबी, देयक आणि वनस्पतींच्या लॅटिन नावांसह वैद्याचे पत्र द्यावे. रसौषधी शक्यतो टाळाव्यात. २००४ साली ‘जामा’ या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावर आपल्याकडे रोष पुष्कळ झाला. पण तेथील डॉक्टर आपल्या रुग्णाकडे त्याच दृष्टीने पाहणार, हे ध्यानी घ्यावे.

पाण्याविषयी एक गैरसमज दृढ आहे. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आपणही सहज देतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले. शर्यतीत वजन वाढलेले व चार तासांहून अधिक काळ धावलेले यांत त्याचे प्रमाण जास्त होते. आपले बहुतेक रुग्ण याच मंद गटातील. शिरःशूल, छर्दि, भ्रम ही लक्षणे पाहून सोबती आणखी पाणी पाजतो आणि अवस्था बिकट होते. तृष्णा लागेल तेवढेच पाणी घ्यावे. संभ्रम दिसताच पाणी थांबवून वैद्यकीय तंबू गाठावा. वेदनाशामक ॲलोपॅथिक गोळ्या धावताना घेण्याची सवय आहे काय, हेही विचारून ठेवावे, कारण वृक्कांवर त्यांचा भार पडतो आणि रुग्ण आपणहून ते सांगत नाही.

परतल्यावर पंधरा दिवस बृंहण, दूध-तूप, शतावरी व पुरेशी निद्रा द्यावी. पुढच्या शर्यतीची नोंदणी त्याने तोवर बहुधा केलेलीच असते.