बाळंतपणात रक्त मोजायचं कशाला?

प्रश्न : माझी सून बाळंत झाली, तेव्हा बाळ बाहेर येताच सिस्टरनी तिच्याखाली पारदर्शक प्लास्टिकची, तळाशी निमुळती पिशवी सरकवली. तिच्यावर मापाच्या रेघा होत्या. बाळंतपणात रक्त जायचंच, मग ते मोजायचं कशाला?
– एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : जायचंच, पण किती? ते नुसतं बघून सांगणं अनुभवी माणसालाही जमत नाही. काही रक्त कापडात जिरतं, काही गर्भजलात मिसळतं, काही संथपणे ओघळत राहतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.

ही पिशवी तुमच्यापासून फार लांब जन्मलेली नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि अमेरिकी संशोधक मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तपासत होते. गर्भपिशवी आकसावी म्हणून द्यायच्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो, या गोळ्यांना लागत नाही. घरी किंवा उपकेंद्रात, नर्सबाईंच्या हातून होणाऱ्या बाळंतपणांत रक्त नेमकं मोजायचं कसं, हा प्रश्न आला आणि त्यातून ही पिशवी तयार झाली. १,६२० बायकांच्या या अभ्यासात गोळीमुळे अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच सुमारास पिशवीचं माप आणि डोळ्यांचा अंदाज ताडून पाहिले, तर अंदाज ३३ टक्क्यांनी कमी निघाला. गोळीची चर्चा खूप झाली. माझ्या मते पिशवीचं मोल तितकंच होतं, ते कळायला मात्र वेळ लागला.

वार सुटली की गर्भपिशवीचे स्नायू आवळतात आणि त्यांच्यामधल्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. गर्भपिशवी सैल राहिली की त्या उघड्याच राहतात, आणि भरल्या दिवसांत तिथे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त पोहोचत असतं. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, म्हणून ती ठीक दिसते. मग एकदम ढासळते. अंगात रक्त आधीच कमी असेल, तर थोडं गेलेलंही जड जातं.

आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत अशीच पिशवी वापरून पाहिली. ५०० मिलीची रेघ गाठली, किंवा ३०० मिलीलाच नाडी, रक्तदाब अशी इतर लक्षणं बिघडलेली दिसली, की पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं लगोलग करायचं. एक उपाय करून वाट बघत बसायचं नाही. २०२३ साली निकाल आला : गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया आणि त्याने होणारे मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. औषधं सगळी जुनीच होती.

प्रश्न : मग घरच्यांनी काय बघायचं?

उत्तर : वॉर्डात आणल्यावरही पहिले २४ तास लक्ष ठेवा. पॅड भराभर भिजू लागलं, गाठी पडू लागल्या, घाम फुटला, ती घाबरीघुबरी झाली, तर ‘एवढं तर जातंच’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचं न ऐकता लगेच सिस्टरना बोलवा. रक्तगट आधीच तपासून कार्डावर लिहिलेला असू द्या. मिरजेला हलवायचं ठरलं, तर १०८ येईपर्यंत चिठ्ठीवर पिशवीतलं माप आणि दिलेल्या इंजेक्शनांच्या वेळा लिहून घ्या. तिथल्या डॉक्टरांना रक्ताची तयारी करायला ते लागतं.